नियंत्रण कक्षाचा फोन का वाजला नाही

तीर्थरूप दादास, धाकट्याचा साष्टांग नमस्कार (टेबलं उचलून कंबर धरली आहे, म्हणून तूर्त कागदावरच). वहिनींचा गुडघा कसा आहे? तू रविवारी आईला कायमची तुझ्याकडे न्यायला येतोयस, हे लक्षात आहे. माझी काही हरकत नाही.

इकडे मंगळवारी नदी फुगली आणि साहेबांनी तात्पुरता आपत्कालीन नियंत्रण कक्ष उभारायचं काम माझ्या गळ्यात घातलं. दादा, मी कसर ठेवली नाही. शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात तीन टेबलं मांडली (बोटी, निवारा, औषधं), भिंतीवर नकाशा लावला, कोणी कोणाला विचारून काय करायचं याचा तक्ता केला आणि फळ्यावर नव्या फोनचा नंबर हातभर अक्षरांत लिहिला. दुपारपर्यंत फोन एकदाही वाजला नाही. साहेब खूश. मीही स्वतःची पाठ थोपटून घेतली, की तयारी अशी चोख असली म्हणजे संकटही बिचकतं.

एवढ्यात नावाडी चिखलानं माखून आला आणि डिझेल मागू लागला. सकाळपासून त्यानं एकवीस माणसं बाहेर काढली होती. कोणाच्या हुकमानं, असं साहेबांनी दरडावून विचारलं, तर म्हणाला, "सिस्टरबाईंच्या." म्हणजे आपल्या मातोश्री! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की नंबर फळ्यावर लिहिला खरा, पण खोलीबाहेर कोणाला कळवलाच नव्हता. लोकांना पाठ होता तो आईचा, ती दवाखान्यात सुया टोचायची तेव्हापासूनचा. कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय, कोण बाळंतपणाला आली आहे, सगळं तिला तोंडपाठ. साहेबांनी गाडी पाठवली, तर "गॅसवर दूध आहे" असा उलट निरोप. अखेर आम्हीच टेबलं उचलून आपल्या स्वयंपाकघरात गेलो (औषधांचं टेबल दारातून शिरेना, ते अजून अंगणात आहे). आता पाणी ओसरलंय. एकही माणूस दगावला नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.
तुझा धाकटा

ता. क. हरकत आहे. साहेब म्हणतात गावाला ती हवी. गावाचं राहू दे दादा, मला हवी. घरात पाऊल टाकल्याबरोबर ती ओरडली नाही, तर मला करमायचं नाही. तिला नेऊ नकोस.

आणखी ता. क. हे पत्र आईनं वाचलं. म्हणाली, "मी कुठे राहायचं हे मला विचारावं, असं तुम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही?" मी मान खाली घातली आहे. तूही घाल.