सुलेखाताईच्या दुखण्याचं नाव

आई, तुला सुयशचा जय भीम.

लिहीन लिहीन म्हणत महिना घालवला, माझंच चुकलं. बिडकीनचं काम सोडलं, आता पुंडलिकनगरात एका मेसचे डबे पोचवतो. जेवण तिथंच होतं, काळजी करू नको. फोनवर तू स्पीकर लावतीस आन् सगळी आळी ऐकती, म्हणून कागद घेतला.

ताईबद्दल लिहायचंय. बाळंतपणापासून ती बोलंना, लेकराला जवळ घेईना. बाहेरचं झालंय असं आपल्यात कुणी म्हणत नाय, ते आपण कधीच सोडलं. मग तिच्या सासरी दोनच शब्द उरले, नखरे नायतर येडी. येडी म्हणूनच दाजी तिला कायमची माहेरी धाडायला निघालेत.

इथं एका डॉक्टरबाईंना मी डबा देतो. त्यांना वांगं चालत नाय, पण ते राहू दे. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "हा बाळंतपणानंतरचा आजार आहे. पुष्कळ जणींना होतो, उपचारानं बरा होतो." तेवढंच मी दाजींना फोनवर सांगितलं. त्यांनी फोनच ठेवला.

तू तरी तिला आजारी म्हण, आई. तिला भेटून आलीस का? बापूंचा गुडघा कसाय?

थांब, दार वाजलं.

ताईची सासू आलीय, भामाबाई! मागं ताई, लेकरू भामाबाईच्या काखंत. दारातूनच म्हणाल्या, "आजार हाय म्हणलास ना? मग दवाखाना दाव. गावात मी चष्मा करायला चालले म्हणून सांगितलंय."

तुझा,
सुयश