शेजारणीचा कोंबडा आणि माझं भाषण

३ मार्च
आमच्या गोअर गावच्या कोर्टात गुन्हा कबूल केला. शेजारच्या डॉरीन हॅगिटबाईंचा कोंबडा पोत्यात घालून पलीकडच्या खोऱ्यात सोडून आलो, याला कायद्यात चोरी म्हणतात. मी स्थलांतर म्हणतो. गुन्हा रेकॉर्डवर चढला तर शाळेची बस चालवायचं लायसन जाईल. पण कबुलीनंतरही न्यायाधीश नोंद न करता सोडू शकतात. नाही चढणार. निकालाच्या दिवशी मी बोलणार आहे ना!

४ मार्च
वकील भेटली. लेइलानी तुआला. हुशार पोरगी, पण अनुभव कमी. म्हणे, "क्लाइव, दोनच गोष्टी करा. बाईंची माफी मागा आणि कोर्टात तोंड बंद ठेवा." पहिलं ठीक. दुसरं म्हणजे माझ्या गुणांची माती.

९ मार्च
माफी मागायला निघालो. पाऊस. उद्या.

१० मार्च
पोलिसांनी परत आणलेला कोंबडा पहाटेच आरवला. अशा मूडमध्ये माफी मनापासून निघत नाही. त्यापेक्षा भाषण लिहिलं. सात पानं. 'झोप हा मानवी हक्क' हा भाग फर्मास!

१५ मार्च
बायकोला वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर रेविन भांडी घासायला उठली. भांडी घासलेलीच होती. जाताना म्हणाली, "यात सॉरी कुठंय रे?" सहाव्या पानावर आहे. गर्भित.

२३ मार्च
उद्या निकाल. रेविननं हातात केक देऊन घराबाहेर काढलं. डॉरीनबाईंनी दार उघडलं आणि पाठ केलेलं सगळं विसरलो. बाई म्हणाल्या, "आमचे हे गेल्यापासून सकाळी घरात तेवढाच एक आवाज असतो रे, मेल्या." "चुकलो," एवढंच निघालं. मग त्यांचं मोडलेलं कुंपण ठोकून दिलं आणि परतलो. माफी साफ फसली. आता भिस्त भाषणावर.

२४ मार्च
लेइलानीनं बाही ओढली, तरी उभा राहिलो. दुसऱ्या पानावर न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. वाटलं, डोळे पुसतायत. म्हणाल्या, "मिस्टर पर्डन, खाली बसा. आणखी एक पान वाचलंत तर माझं मत बदलेल."
मग लेइलानीनं डॉरीनबाईंचं म्हणणं सांगितलं: काल हा माणूस दारात लालबुंद होऊन उभा होता, धड बोलता येईना, म्हणून खरं वाटलं. पोरांना त्याच्या बसशिवाय करमत नाही. सोडा त्याला.
सुटलो! रेकॉर्ड कोरं! न्यायाधीशबाई म्हणाल्या, "भाषणामुळे नव्हे हं, भाषण असूनही."
रेविनला म्हटलं, 'भाषण असूनही' हा कायद्यातला काहीतरी मानाचा शब्द असणार. उद्या लेइलानीला विचारतो.

२५ मार्च
विचारलं. नाहीये.