लिफ्टच्या तक्रारी आणि माझा नवा ई-मेल पत्ता

तीर्थरूप आत्येस,

कंबर धरत का होईना, पण वाकून नमस्कार. (दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाची कंबर का दुखावी, हे डॉक्टरांनाही सांगता आलेलं नाही.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे बाबांकडून कळलं. हे पत्र तू स्वतः वाचतेस की आतोबा वाचून दाखवताहेत? ते वाचत असतील तर त्यांनाही नमस्कार, आणि मधेच हसू नये ही विनंती.

परवा फोनवर तू ‘ऑफिस कसं चाललंय’ विचारलंस आणि मी ‘मजेत’ म्हणालो. ते साफ खोटं होतं. आमच्या लिफ्ट कंपनीत महिन्याभरापूर्वी नवा संगणकप्रमुख आला. तो कोणालाच काही सांगत नाही, म्हणून आम्ही त्याला ‘पासवर्ड’ म्हणतो. आल्या आल्या त्याने फर्मान काढलं, की सगळ्यांचे ई-मेल पत्ते एका साच्यातले हवेत. आडनावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, आणि त्यांना चिकटून नावाचं पहिलं. आता आपल्या आडनावाची पहिली चार अक्षरं एम, यू, आर, के. माझ्या नावाचं पहिलं एच. सावकाश जोडून बघ. सोमवारी सकाळी संगणक उघडला तर मी ‘मूर्ख’ झालो होतो, आणि पुढे कंपनीचं नाव. (आतोबा, हसू नका सांगितलं होतं.) बाबा माझं नाव ‘स’वरून ठेवणार होते, ‘ह’चा हट्ट तुझा. दोष देत नाही, फक्त आठवण करून दिली.

मी पासवर्डकडे गेलो. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “सिस्टिमला अर्थ कळत नाही.” मी म्हणालो, “गिऱ्हाइकांना कळतो.” त्यावर त्याचं म्हणणं, की एकाला बदलून दिलं तर दोनशे चाळीस जणांना द्यावं लागेल. उरलेल्या दोनशे एकोणचाळीस जणांत एकही मूर्ख नव्हता (पत्त्यापुरतं बोलतोय), हे त्याला पटेना. शेवटी मोठ्या साहेबांना अर्ज केला. पण अर्जही ई-मेलनेच करायचा. कोणा ‘मूर्ख’ने काहीतरी चावटपणा केलाय असं समजून साहेबांनी तो न वाचताच पुसून टाकला.

बरं, माझं काम काय, तर माफी मागणं. लिफ्ट बंद पडते, आत अडकलेला माणूस सुटल्यावर चिडून आम्हाला लिहितो, आणि मी नम्रपणे दिलगिरी कळवतो. पहिल्या आठवड्यात मी अकरा जणांची माफी मागितली. त्यातल्या नऊ जणांना वाटलं, कंपनी त्यांनाच मूर्ख म्हणतेय. एकाने तर ‘तू महामूर्ख’ एवढंच उत्तर धाडलं. दिवसभर मान खाली घालून शिव्या वाचायच्या, घरी आल्यावर आई विचारते, “चेहरा का उतरलाय?” तिला काय सांगू?

मग गेल्या गुरुवारी एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. भाजीच्या पिशवीसकट चाळीस मिनिटं लिफ्टमध्ये अडकल्या होत्या बिचाऱ्या, आणि वर माझं माफीपत्र उघडलं तर पहिलाच शब्द तो. आमच्या चौथ्या मजल्यावर त्या तीच पिशवी घेऊन जिने चढून आल्या. (आमच्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती, हे मी त्यांना सांगायला नको होतं.) पहिली पाच मिनिटं त्या जे बोलल्या ते वडीलधाऱ्यांना लिहिण्याजोगं नाही. मी माझं ओळखपत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, नावावरून बोट फिरवलं, पुटपुटत पाच अक्षरं मोजली आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. “किती दिवस झाले?” त्यांनी विचारलं. तीन आठवड्यांत मला असं कोणी विचारलंच नव्हतं. आत्या, खरं सांगतो, मी बोटांवर मोजून दिवस सांगितले.

“चला,” त्या म्हणाल्या, “कोण आहे तो, दाखवा.”

पासवर्डच्या केबिनमध्ये जाऊन त्यांनी त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि आडनाव, नाव इंग्रजीत लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं. (त्यांच्या आवाजापुढे मीही लिहिलं असतं.) बाईंनी चार अक्षरांखाली रेघ मारली, एम, ए, के, ए. मग नावातल्या डीखाली. “वाचा,” म्हणाल्या. तो वाचेना. मी वाचलं, “माकड.” गृहस्थाने स्वतःपुरता ‘प्रमुख’ असा वेगळा पत्ता घेऊन ठेवला होता.

“नियम सगळ्यांना सारखा ना?” बाई म्हणाल्या. “मग माझी पुढची तक्रार मी या पत्त्यावर पाठवते.”

त्याचे कान लाल झाले. जेवणाच्या सुट्टीच्या आत नवा नियम निघाला, पूर्ण नाव आणि पूर्ण आडनाव. मी पुन्हा माणसांत आलो. बाईंना मी खालपर्यंत पोचवून आलो, त्यांची पिशवी धरून.

बाकी क्षेम. डोळ्यात थेंब वेळेवर घाल, आणि टीव्ही लांबून बघ.

तुझा,
आता पूर्ण नावाचा भाचा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. तुझ्या मैत्रिणीची ती दातांची डॉक्टर मुलगी, जिचा ई-मेल देऊन तू ‘लिहून तर बघ’ म्हणाली होतीस, तिला मी लिहिलं. चार वेळा खोडून, मनापासून लिहिलं. पण ऑफिसातून, आणि नेमकं त्या पहिल्या आठवड्यात. अजून उत्तर नाही. मी तिला तसं म्हणालो नाही, एवढं तिच्या आईला समजावून सांग. तुझं ऐकतील.

ता. क. दुसरा. थांब, काही सांगू नकोस. पाकीट चिकटवणार तोच तिचं उत्तर आलं (जुन्या पत्त्यावरची पत्रं महिनाभर मला मिळत राहणार आहेत). ती परगावी गेली होती. लिहिते, की आजवर सांगून आलेले सगळे स्वतःच्या हुशारीबद्दलच लिहीत होते, असा पत्ता हौसेने घेणारा माणूस पहिल्यांदाच भेटला, रविवारी चहाला याल का. मी ‘हो’ कळवणार आहे, पण नव्या पत्त्यावरून कसं कळवू? तेव्हा जुना पत्ता परत मिळावा असा अर्ज घेऊन पासवर्डच्या केबिनबाहेर बसलोय. आत बोलावलंय.