एक शिक्का कमी

प्रिय उंडग्या,

ताईचं पत्र, आणि तेही संगणकावर टाइप केलेलं, हे पाहून आधी तू पोट धरून हसशील. हस बापडा. जिला तू एकदा कीबोर्डवर नसलेलं बटण शोधायला लावून अर्धा तास करमणूक करून घेतली होतीस, त्या बाईनं दुकानातल्या जुन्या यंत्रावर लिनक्स नावाची प्रणाली बसवलीय आणि घराचा स्वतःचा मेल सर्व्हर, म्हणजे ईमेलचं घरचं टपालखातंच, पुन्हा उभा केलाय. एकटीनं. निमित्त गिऱ्हाइकांचं होतं. तुमचा चष्मा तयार आहे, घेऊन जा, असं कळवायला पूर्वी तुझा सर्व्हर होता, नंतर मी फोन करकरून घसा बसवून घेतला. पण ते निमित्तच. खरं म्हणजे तुझी निळी वही सापडली आणि डोक्यात किडा वळवळायला लागला.

वही तुझ्या खोक्यात होती. तुझ्या खोलीच्या मालकानं ते खोकं माझ्या हवाली केलं त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ते आतल्या खोलीत कपाटाखाली होतं आणि मी त्याच्याभोवती केर काढत होते. गेल्या महिन्यात उघडलं. वर तुझा संगणक, वायर गुंडाळून तिला रबर लावलेलं, आणि खाली वही. सर्व्हर कसा उभा करायचा ते सगळं तू पायरी पायरीनं लिहून ठेवलंयस, ताईला समजेल असं. एका पानावर ‘ताई, इथे तू चुकशील’ आणि पान उलटल्यावर ‘बघ, चुकलीस ना?’ मी चुकलेच होते. इंटरनेटवरच्या आपल्या घराच्या नावातलं एक अक्षर गाळलं होतं आणि जगातली सगळी पत्रं कुठे भलतीकडे जात होती कोण जाणे. तीन दिवस नाकी नऊ आले. आयुष्यभर लोकांना बारीक अक्षरं दिसावीत म्हणून काचा घासल्या आणि स्वतःला एक अक्षर दिसेना.

सोमवारी तो सुरू झाला. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मी स्वतःलाच पहिलं पत्र पाठवलं, ‘चाचणी’. आणि स्वतःलाच उत्तर दिलं, ‘मिळालं’. मग एकटीच हसले आणि हसण्याचा आवाज घरात इतका मोठा आला की गप्प बसले.

वहीत शेवटचं पान अनोळखी पत्रांबद्दल आहे. तू लिहिलंयस, ‘नवखा कुणी पत्र घेऊन आला की सर्व्हरनं लगेच आत घ्यायचं नाही. थोड्या वेळानं या, म्हणायचं. लबाड असेल तो दुसरं दार शोधतो. खरा असेल तो पुन्हा येतो. पाच मिनिटं पुरेत.’ ते वाचलं आणि वही मिटून ठेवली. कारण हे मी कुठल्याही सर्व्हरच्या आधी केलं होतं. आठ वर्षांपूर्वी, बाबा गेल्यावर चौथ्या दिवशी तू दारात उभा होतास, खांद्यावर पिशवी, चपला अर्ध्या काढलेल्या. बाबा तीन आठवडे तुझ्या वाटेकडे डोळे लावून होते, आणि तू चार दिवस उशिरा आला होतास. मी कडीवरचा हात काढला नाही. म्हटलं, आत्ता नको, नंतर ये. तू चपला पुन्हा घातल्यास. त्या आठवड्यात मी तुझा सर्व्हर बंद केला आणि तुझे फोन उचलणं सोडलं. तू परत आला नाहीस, तेव्हा मी मनाशी म्हणत राहिले, खरा असता तर आला असता. इतकी वर्षं त्याच एका वाक्यावर माझा राग जगला.

आता मंगळवारचं सांगते. सर्व्हर जे जे करतो त्याची नोंद ठेवतो आणि ती वाचायची मला सवयच लागली, शेजारच्या खिडकीत डोकावल्यासारखी. चार वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी माझ्या नावाचं पत्र घेऊन आलं. पत्ता जुनाच होता, पण तो पुन्हा सुरू झाल्याचं मी अजून कोणालाही सांगितलेलं नव्हतं. सर्व्हरनं रीतीप्रमाणे थोड्या वेळानं या म्हटलं. पाच मिनिटांनी ते पुन्हा आलं आणि आत घेतलं गेलं. दोनच ओळी होत्या. ‘ताई, निघालोय. या वेळी दार उघडशील ना?’

पत्र कुठून आलं ते कसं बघायचं, हे मी तुझ्या वहीत शोधलं. पत्र ज्या ज्या यंत्रातून पुढे जातं ते ते यंत्र त्याच्या डोक्यावर आपला शिक्का मारतं, सर्वांत जुना सगळ्यात खाली. या पत्रावर सात शिक्के होते. सगळ्यात खालच्या यंत्राचं नाव होतं उंडगा. मी लहानपणी तुला चिडवायला ठेवलेलं नाव तू कौतुकानं तुझ्या संगणकाला दिलं होतंस, तोच संगणक, जो कपाटाखाली वायर गुंडाळून पडलाय. आणि पत्राची तारीख होती दोन वर्षांपूर्वीच्या त्या गुरुवारची.

म्हटलं, अडकलं असेल वाटेत कुठेतरी. पोस्टातली पत्रं नाही का वर्षांनी मिळत? पण तुझी वही म्हणते की सर्व्हर पाच दिवस प्रयत्न करतो आणि मग नाद सोडतो. बुधवारी चार वाजून दहा मिनिटांनी तेच पत्र पुन्हा आलं. तेच शब्द, तीच तारीख. शिक्के सहा. गुरुवारी पाच. शुक्रवारी चार. दर दिवशी एक टप्पा गळत होता. रोज नव्या यंत्राकडून यायचं, म्हणून सर्व्हरला रोज अनोळखी वाटायचं, आणि रोज तो म्हणायचा, थोड्या वेळानं या. आणि ते यायचं. शनिवारी मी दुकान उघडलंच नाही. एका आजोबांचा चष्मा तयार होता, ते दार वाजवून गेले, तरी मी उठले नाही.

आता जे सांगते त्याबद्दल रागाव हवं तर. रविवारी तीनवरून दोन शिक्के झाले तेव्हा मी घाबरले. आपल्याच भावाला घाबरले. वहीतली पाच मिनिटं खोडली आणि सर्व्हरला सांगितलं, तासभर थांबव. म्हणजे पुन्हा तेच केलं, कडीवरचा हात काढला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या गुरुवारी तुझ्या मित्राचा फोन आला होता. हमरस्ता, ट्रक, तू जागच्या जागी गेलास. माझ्या कानात फक्त आवाज शिरत होता, शब्द नव्हते. मी आले, सगळं पार पाडलं, जे भावाचं बहिणीनं करायचं नसतं तेही केलं. तू पिशवी घेऊन कुठे निघाला होतास हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तो रस्ता आपल्या घराकडेही येतो, हे मला दिसत होतं, पण तो आणखी दहा गावांना जातो असं म्हणून मी ते झाकून टाकलं. दुसऱ्यांना चष्मे देणारी मी! तू इथेच यायला निघाला होतास. निघताना कळवायचं, पोचल्यावर कळवायचं, हा बाबांचा नियम तू पाळलास. फोन मी उचलत नव्हते म्हणून पत्र लिहिलंस, आणि ते घ्यायला सर्व्हर मी ठेवला नव्हता.

आज सोमवार. चार वाजून दहा मिनिटांनी ते आलं. आज मधे एकही यंत्र नाही. दारात आलेल्यानं आपलं नाव उंडगा सांगितलंय आणि त्याचा पत्ता घरातल्याच यंत्रांना मिळतो तसला आहे. मी उठून आतल्या खोलीत गेले. खोकं कपाटाखाली होतं. वायर गुंडाळलेली, तुझं रबर तसंच. संगणकावर तळहात ठेवला तर तो कोमट होता, इस्त्री बंद करून थोडा वेळ झाल्यावर लागते तसा. मी हात लगेच काढला, मग पुन्हा ठेवला, आणि बराच वेळ ठेवला.

सर्व्हरनं तुला तासभर थांबायला सांगितलंय. त्या तासात हे लिहितेय, कारण तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तू आत यायच्या आधी इथे असायला हवं. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये. याच यंत्रावर तुझ्या नावाची पेटी केलीय, तिच्यात ठेवतेय. तुझी चूक चार दिवसांची होती रे, माझी आठ वर्षांची. मला क्षमा कर. थोड्या वेळानं या, ही ओळ मी फाइलमधून काढून टाकलीय. आता या घरात कोणालाच थांबवलं जात नाही. पाच वाजून गेलेत. पुढच्या दाराची कडी काढलीय आणि तुझ्या चपलांपुरती जागा करून ठेवलीय. या खेपेला पोचल्याचं कळवत बसू नकोस. दार नुसतं लोटलंय, सरळ आत ये.

तुझीच, दारापाशी बसलेली,
ताई