रेडिओच्या खोलीतलं दुपारचं काम

५ नोव्हेंबर २००६, रविवार
जेसल पार्कातल्या नव्या घरात आलो! पेणकरपाड्याच्या एका खोलीतून थेट दोन खोल्या, वर ही बंद केलेली बाल्कनी. गिरिजाने न मागताच ती मला देऊन टाकली. म्हणाली, घ्या तुमच्या रेडिओला, निदान माझ्या ओट्यावर तारा लोंबणार नाहीत. हौशी रेडिओची परीक्षा पास झालोय, परवाना यायचाय. तोवर फक्त ऐकायचं. बोलायचं बटण दाबायचं नाही. खोली मात्र स्वतःच्या हाताने करणार, सुतार लावणार नाही. यावर ती हसली. पंधरा वर्षांत माझ्या हातचा एकही खिळा सरळ गेलेला नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार
दिवसभर ड्रिल. चार भोकं पाडली, तीन चुकली. फळीवर पेन्सिल ठेवली की घरंगळते. खालच्या मजल्यावरचे शेजारी दाजी बघायला आले. रत्नागिरीचा माणूस, तोंडावर बोलणारा. म्हणाले, साहेब, ही फळी नाय, घसरगुंडी आहे. पोरांकडून तिकीट घ्या. गिरिजा तोंडाला ओढणी लावून हसत राहिली. मनाला लागलं. लागायला नको होतं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार
ऑफिसातून आलो तर फळी सरळ. चुकलेली भोकं पुट्टीने बुजवून, घासून गुळगुळीत केलेली. चहाबरोबर कांदाभजी. मला न उठवता पहाटेच केलंत ना, असं गिरिजाने विचारलं. मी हो म्हटलं. दाजींचं काम असावं. मग हो का म्हटलं? तिने माझ्या हातांकडे असं कधीच पाहिलं नव्हतं, म्हणून. खोटं बोललो, हे इथे तरी लिहून ठेवतो.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार
तारा पट्टीत बसवलेल्या. आवाज घुमू नये म्हणून भिंतीला अंड्यांचे ट्रे, ओळीत, एकही वाकडा नाही. दाजींचे आभार मानायला गेलो. ते म्हणाले, मी कशाला येतोय? दुपारी तुम्हीच ठोकत असता, आणि काल तर वहिनींचं हसणं खालपर्यंत येत होतं.
काल दुपारी मी अंधेरीला ऑफिसात होतो.

१८ नोव्हेंबर, शनिवार
गिरिजाला खरं सांगितलं. तिला थट्टा वाटली. बुधवारपासून मी रोज दुपारी येतो म्हणे. ऑफिसात कळू देऊ नकोस, संध्याकाळीही विषय काढू नकोस, असं बजावतो. दुपारी तुम्ही किती बोलता, म्हणाली, माझंही ऐकता. संध्याकाळी मात्र पुन्हा तेच—
भीती वाटायला हवी होती. वाटला तो मत्सर.

२१ नोव्हेंबर, मंगळवार
रजा घेऊन पहारा दिला. कोणी आलं नाही. गिरिजाने सारखं घड्याळ पाहिलं. तीन वाजता मीच फळी उखडली. ती रडली. म्हणाली, त्यांनी इतक्या मायेने— मग चटकन सावरून, तुम्ही.

२२ नोव्हेंबर
फळी परत जागेवर. हेडफोन लावला. माझा आवाज. कुठल्या अनोळखी माणसाशी गप्पा मारतोय, न अडखळता. सांगतोय, बायकोने हौसेने खोली दिली. माझी बायको. माझी—

२३ नोव्हेंबर
परवाना आलाय. दुपारी सही करून पोस्टमनकडून तुम्हीच घेतलात ना, म्हणाली. दाखव म्हटलं. तिने नजर चुकवली. दुपारचा तो मी नाही, हे तिला माहीत आहे. कधीपासून?

२४ नोव्हेंबर, दुपार
लवकर आलो. किल्ली लागेना. बेल. तिने साखळी लावून दार उघडलं. गिरिजा, म्हटलं. ओळखलं मला, नक्की ओळखलं. मग मागे वळून हाक मारली— अहो, कोणीतरी चुकून आलंय. दार लावून घेतलं.

जिन्यावर बसून लिहितोय. आत ती हसतेय. पावलं दाराकडे. चाल माझीच, पण घाई नाही. साखळी काढली—
पळावं. नाही, खरं लिहितो, पळायचंच नाही. एकच विचारायचंय त्याला. दुपारी तू तिला असं काय सांगतोस, की ती अशी हसते—