तुला ऐकू येत नव्हतं म्हणून

मावशीआजी,

हे पत्र तुला देणार नाही, कारण आता तुला दिसतही नाही.

ऐकू तर कधीपासूनच जेमतेम यायचं. सगळे तुझ्या कानाशी ओरडून बोलायचे. मला ओरडायची लाज वाटायची, म्हणून मी चिठ्ठी लिहायचे. 'आज लॉन्ड्रीत मालकीण चिडली' एवढंच लिहिलं की तू म्हणायचीस, "चिडली म्हणजे काय केलं बयेनं? तोंड कसं झालं होतं तिचं? लिही की नीट." मग मी सगळं लिहायचे आणि तू पोट धरून हसायचीस. शाळा सुटल्यापासून माझं लिहिलेलं वाचणारी तू एकटीच होतीस.

काल दवाखान्यात मी सवयीने तुझ्या हातात चिठ्ठी ठेवली. तू ती चाचपून परत दिलीस.

"आता नको गं देऊस. नुसता कागद लागतो हाताला. बोल. एकदा तरी ओरड माझ्यासाठी."

तू कान माझ्याकडे केलास. वॉर्डातले सगळे बघत होते. मी चिठ्ठीची घडी घालून मुठीत धरली. मी तशीच स्टुलावर बसून राहिले.

बऱ्याच वेळाने तू तुझा हात धरून बसलेल्या आईला विचारलंस, "गेली का गं ती?"

तुझी नात