ध्रुवपदाला गिळायची गोळी

बाई, तुमचा आवाज हल्ली एकदम आठवत नाही. आधी शाळेतली एखादी कविता मनात म्हणायला लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला मागून तुम्ही येता. नगरकडच्या कर्जतजवळची ती मिशनची एका खोलीची शाळा, मागे तुमची राहायची खोली, तिच्या उघड्या दारातून दिसणारा स्टोव्ह. हिवतापाची साथ आहे आणि तुम्ही कढईत गूळ पातळ करून एकेका कडू गोळीभोवती बोराएवढा गूळ वळताय. 'खाऊ आहे' म्हणून सांगताय, आणि आम्ही रांगेत उभे. वर्गानं कविता म्हणायची आणि ज्याची पाळी असेल त्यानं ध्रुवपद आलं की गिळायचं. मी एकदा चावलं, तेव्हा तुम्ही डस्टर टेबलावर आपटलंत. "चावू नकोस रे! जिभेला कळलं की ती आत जाऊ देत नाही." पुन्हा पहिल्या ओळीपासून कविता. तुम्हाला वाटलं असेल मी रुसलो. मी कवितेतच हरवलो होतो, मला तेवढंच येत होतं. पुढे नगरजवळ नागापूरच्या कारखान्यात उभा जन्म लेथवर गेला, तिथंही मशीनच्या तालावर तुमच्याच कविता म्हणायचो.

माझी नात आता दहा वर्षांची आहे. तिचे स्नायू झिजतात. जन्मतःच अंगातली एक सूचना चुकीची लिहिली गेली आहे, त्यामुळे स्नायू टिकवणारं द्रव्य तयारच होत नाही. मुलीचं पुण्यातलं घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणून नात माझ्याकडे नगरला, बैठ्या घरात. मागच्या वर्षी अंगणातली पायरी चढत होती. आता पायरीकडे बघतसुद्धा नाही. रोजच्या गोळ्या मी तिला तुमच्यासारख्याच गुळात देतो, कविता म्हणतो, ती ध्रुवपदाला गिळते. अलीकडे गिळायला वेळ लागतो. मी ध्रुवपद दोनदा म्हणतो. म्हणताना मुद्दाम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो.

मुलगी पुण्याच्या प्रयोगशाळेत नेमकं याच आजाराच्या औषधावर काम करते, ही कुणाची थट्टा असेल तर फार वाईट आहे. नात जन्मायच्या आधीपासून करते. दुरुस्त केलेली सूचना चरबीच्या सूक्ष्म थेंबात भरायची आणि शरीरात सोडायची. शनिवारी ती येते, तेव्हा मी विचारतो, "कुठवर आलं गं?" ती पोळी तव्यावर टाकत म्हणते, "औषध आहे, बाबा. पोचवायचं कसं, तेवढंच राहिलंय." तिचे थेंब सगळे यकृतात जाऊन बसतात. मी म्हटलं, "म्हणजे टेम्पो रोज भरून निघतो आणि माल दर वेळी त्याच गोडाऊनला उतरतो." ती हसली. मग तवा तसाच तापत राहिला आणि ती ओट्याला धरून उभी.

दुसरी वाट होती. निरुपद्रवी विषाणू घ्यायचा, तो आतून रिकामा करायचा, त्यात ती सूचना ठेवायची. तो स्नायूंपर्यंत पोचतो. पुण्याच्या एका हॉस्पिटलात त्याची चाचणी सुरू होणार होती. नातीचं रक्त घेऊन गेले. ते तीन आठवडे घरात सणासारखे गेले, बाई. नातीनं पलंगावर बसून पायरीचं चित्र काढलं आणि तिच्यावर स्वतःला उभं केलं.

रिपोर्ट आला. त्या जातीचा विषाणू कधीतरी, कुणालाही न कळता, तिच्या अंगात येऊन गेला होता. आजार केला नाही, पण ओळख ठेवून गेला. आता तसला दुसरा आला की शरीर त्याला वाटेतच मारणार, आणि त्या झटापटीत पोरीच्या जिवाला धोका. मी मुलीला विचारलं, "मग अंगाला सांगता येत नाही का, हा आपला माणूस आहे म्हणून?" ती म्हणाली, "बाबा, शरीर म्हणजे शिंगणापूर नाही. इथं प्रत्येक घराला दार आहे, आणि दाराशी राखण आहे." मग म्हणाली, "तिला तुम्ही सांगा. तुम्हाला गोड करून सांगता येतं. मला नुसतं रडू येईल."

काल दुपारी सांगायला बसलो. एक गाव होतं, म्हटलं. गावाला वेस होती आणि वेशीवर एक राखणदार होता, इमानी, पण म्हातारा. दूरदेशाहून एक पाहुणा औषधाचं गाठोडं घेऊन निघाला. त्याचा चेहरा जुन्या एका चोरासारखा होता. मी राखणदाराच्या मिशा रंगवल्या, वेशीवरची चिंच रंगवली, पाहुण्याला घुंगरांची काठी दिली. चांगली जमत होती गोष्ट. एवढ्यात ती म्हणाली, "आबा, म्हणजे मला नाही देणार ना ते औषध?"

बाई, मी चष्मा काढून धोतरानं पुसत बसलो. काचा स्वच्छ होत्या.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग उशी पाठीशी सरकवायचा प्रयत्न केला, ती सरकेना, मी सरकवली. आणि ती म्हणाली, "बरं, त्या राखणदाराचं पुढं काय झालं, ते सांगा ना. त्याला मिशा आहेत म्हणालात." मी सांगत राहिलो. ती मान हलवत राहिली, जिथं हसायचं तिथं हसलीसुद्धा. संध्याकाळी मुलीचा फोन आला, "सांगितलंत?" मी म्हटलं, "तिला कळलंय."

हा कागद कुठं धाडणार? तुमच्या कबरीवरचा दगडसुद्धा आता वाचता येत नाही. पण एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. पहिल्याच दिवशी रांगेत माझ्या मागचं पोरगं कानाशी कुजबुजलं होतं, "आत गोळी हाय रं. गप गीळ. बाईंला बरं वाटतं." आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, बाई. पहिल्या दिवसापासून.